कपाट क्रमांक सातची किल्ली

"ताई, नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे 'दलित साहित्य व डॉ. आंबेडकर विभाग' अशी पाटी असलेलं एक लोखंडी कपाट आहे, क्रमांक सात. त्याला कुलूप असतं. ती पुस्तकं बाकीच्या पुस्तकांत मिसळावीत असं मला वाटतं. वेगळं कपाट म्हणजे वेगळा पाणवठाच. ग्रंथालय समितीत विषय काढला तर एक ज्येष्ठ सर म्हणाले, 'ग्रंथालय तटस्थ असतं, इथे राजकारण आणू नका.' आणि ज्यांच्यासाठी मी हे करतेय त्या दलित विद्यार्थ्यांपैकीच काही जण येऊन सांगून गेले की मॅडम, कपाट हलवू नका. मी चक्रावलेच. ज्ञान, सत्ता आणि ग्रंथालय याच विषयावर पीएच.डी. करायची माझी इच्छा आहे, तर मार्गदर्शक म्हणतात, हे ग्रंथालयशास्त्रच नाही, समाजशास्त्रात जा. काय करू?
– कपाटासमोर उभी, मराठवाडा"

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाणवठा आहे, ज्येष्ठ सर आहेत, मार्गदर्शक आहेत. पण त्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, ते कुठेच नाही. मी 31 वर्षं ग्रंथालयात काढली. पहिल्या नोकरीच्या ठिकाणी असंच एक कपाट होतं. किल्ली हेडक्लार्कच्या खणात. हेडक्लार्क जागेवर सापडायचे अकरानंतर, आणि अकरानंतर मुलं तासाला. मग कपाट उघडायचं 14 एप्रिलला, 6 डिसेंबरला आणि नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, टीम येणार असली की. दार उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा भपकारा यायचा. आणि कपाटाच्या बरोबर डोक्यावर भिंतीवर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'विद्येविना मती गेली'. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. पण रोज त्याच्याखालून जाऊनही ते माझ्या डोळ्यांत खुपायला दोन वर्षं लागली, हे कबूल करते.

त्या कपाटात एकदा मला मधमाश्यापालनाचं पुस्तक मिळालं. लेखक शेतीखात्यातला माणूस. पेट्या कशा ठेवाव्यात, फुलोरा कधी येतो, असला मजकूर. ते तिथे का? आडनाव बघून. कुणीतरी आडनावावरून जात ओळखली होती, निदान ओळखली असं त्याला वाटलं होतं, आणि पुस्तक 'त्यांच्या' कपाटात गेलं. शेतीच्या मांडणीवर ते शोधणाऱ्या मुलाला ते कधीच मिळालं नसणार.

ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असं समजू नका. अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर नावाच्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल होत्या. 1930 पासून 1973 पर्यंत त्यांनी तिथला संग्रह उभा केला. त्यांनी बाकीच्या ग्रंथालयांत चौकशी केली तेव्हा कळलं की कृष्णवर्णीयांशी संबंध आला की ड्युईच्या दशांश वर्गीकरणातले (प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत) दोनच आकडे वापरले जातात: 326 म्हणजे गुलामगिरी, नाहीतर 325 म्हणजे वसाहती. जेम्स वेल्डन जॉन्सनसारख्या कवीचा कवितासंग्रहसुद्धा 325 मध्ये! कवी काळा आहे एवढं माहीत असलं की पुरे, पुस्तक उघडायची गरजच नाही. पोर्टरबाईंनी भांडण न करता शांतपणे नवी मांडणी केली. कविता कवितेत, संगीत संगीतात, इतिहास इतिहासात.

आता तुमच्या कपाटाकडे या. आंबेडकरांचा 'रुपयाचा प्रश्न' हा 1923 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेला ग्रंथ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या त्यांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधातून आलेला. विषय चलन. ड्युईत त्याची जागा 332.4, पैसा. तुमच्याकडे तो कुठे आहे? पैजेवर सांगते, कपाट सातमध्ये, जयंतीला हार घालतात त्या खंडांच्या शेजारी. म्हणजे तुमच्या वाणिज्य शाखेतली मुलगी रुपयाच्या विनिमय दरावर प्रकल्प करताना 332 च्या मांडणीवर सगळं चाळून परत जाईल, आणि आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ होते हे तिला भाषणांतूनच कळेल. कपाटाने त्यांना मान दिला आणि त्यांचा विषय काढून घेतला.

सावित्रीबाईंचंही तेच. 'काव्यफुले' 1854 सालचा. शीर्षकातच काव्य आहे. मराठी कविता 891.461 मध्ये असते, तिथे किती ग्रंथालयांत दिसतो? बहुतेक ठिकाणी तो 'समाजसुधारक' नाहीतर 'थोर स्त्रिया' यांच्यात सापडतो. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'ची तर गंमतच आहे. 1873 चं हे पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. नुसतं शीर्षक बघून वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, देणारा ते नेऊन ठेवेल 326 मध्ये, म्हणजे पोर्टरबाईंना छळणाऱ्या त्याच आकड्यात. पुराणकथांची चिकित्सा आहे म्हणून कुणी 294.5 देईल, हिंदू धर्म. जातीचा प्रश्न म्हणून कुणी 305.5122. तिन्ही आकडे तांत्रिकदृष्ट्या देता येतात. पण पुस्तक एकच आणि ते उभं राहणार एकाच जागी. ती जागा ठरवणारी व्यक्ती त्या पुस्तकाबद्दल पहिलं वाक्य बोलते, वाचकाच्याही आधी.

यावर तुमच्या ज्येष्ठ सरांना काय उत्तर द्यायचं? त्यांच्याशी तटस्थता या शब्दावर वाद घालू नका, हरल्यासारखं वाटेल. त्यांना जुनी आवृत्ती दाखवा. ग्रंथालयात ड्युईची जुनी छापील आवृत्ती पडलेली असेल तर उत्तम. जुन्या आवृत्त्यांत 390 च्या, चालीरीतींच्या वर्गात क्रम असा होता: 395 शिष्टाचार, 396 स्त्रिया, 397 जिप्सी, भटके आणि बहिष्कृत जमाती, 398 लोककथा. सरांच्या घरातल्या मुलीबाळी एका बाजूला टेबल मॅनर्स आणि दुसऱ्या बाजूला बहिष्कृत यांच्या मधे. धर्माचा 200 चा वर्ग घ्या. 10 भागांपैकी 220 ते 280 असे सात ख्रिस्ती धर्माचे, आणि आपण सगळे, हिंदू, बौद्ध, जैन, मुसलमान, ज्यू, 290 मध्ये 'इतर'. आपली अख्खी मराठी, ज्ञानेश्वरांपासून कालच्या दिवाळी अंकापर्यंत, दशांश चिन्हाच्या पलीकडे: 891.46. मेल्व्हिल ड्युईने 1876 मध्ये 44 पानांची पुस्तिका काढली, त्यावर नावसुद्धा नव्हतं. न्यू इंग्लंडमधल्या एका कॉलेजातल्या तरुणाला जग जसं दिसलं तसं त्याने त्याचे कप्पे पाडले. न्यूयॉर्क राज्यात लेक प्लॅसिड इथे असलेल्या त्याच्या क्लबात ज्यूंना मज्जाव होता, त्यावरून 1905 मध्ये तक्रार झाली आणि न्यूयॉर्कच्या राज्य ग्रंथालयाचं पद त्याला सोडावं लागलं. स्त्री सहकाऱ्यांशी त्याच्या वागणुकीबद्दलही तक्रारी होत्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 2019 मध्ये आपल्या पदकावरून त्याचं नाव काढलं. आकडे मात्र आपण रोज चिकटवतोय, आणि त्यात काही गैरही नाही. दुसरी सोय काय आहे? फक्त ते आभाळातून पडले नाहीत एवढं लक्षात ठेवायचं. सर ज्याला तटस्थ म्हणतात ती कुणाची तरी जुनी निवड आहे. सही पुसट झाली म्हणून ती निवड नव्हती असं होत नाही.

सर यावर म्हणतील, म्हणूनच आपण रंगनाथन, आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक, त्यांची पद्धत वापरावी. म्हणू द्या. रंगनाथनांवर माझी भक्ती आहे, पण 1933 च्या कोलन वर्गीकरणातून पुढे आलेल्या मांडणीत धर्माचा क्रम पाहा: Q1 वैदिक, Q2 उत्तरवैदिक हिंदू, मग जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम. कप्पे पाडणारा आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात करतो, मद्रासचा असो की मॅसॅच्युसेट्सचा.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. आता जरा टोचेल.

तुमच्या पत्रात 'ज्यांच्यासाठी मी हे करतेय' असे शब्द आहेत. त्यांना विचारलं होतं का? ती मुलं आपण होऊन आली, तुम्ही बोलावलं नव्हतं. आणि ती आल्यावर तुम्ही 'चक्रावलात', म्हणजे त्यांचं कारण विचारायचं राहिलं. ते पत्रात नाही, म्हणून म्हणते. ज्येष्ठ सर वर्गीकरणाच्या नावाने जे करतात, तेच आपण पुरोगामीपणाच्या नावाने करू शकतो, दुसऱ्याच्या वतीने जागा ठरवणं. किल्ली शेवटी तुमच्याच हातात आहे.

त्या मुलांचं कारण मला साधारण माहीत आहे, कारण मलाही एकदा ते ऐकावं लागलं होतं. मी उत्साहाने असंच एक कपाट मोडलं. आत्मकथनं 891.46 मध्ये गेली, धम्माची पुस्तकं 294.3 मध्ये, चळवळीची 305 मध्ये. तीन महिन्यांनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आधी एका कपाटासमोर उभं राहिलं की सगळी आपली माणसं दिसायची. आता कुणाचं नाव माहीत असेल तरच सापडतंय." 'बलुतं' वाचून झाल्यावर त्याच मांडणीवर हात पुढे नेला की 'आयदान' हाताला लागायचं, कुणी सांगावं लागत नव्हतं. मी कपाट मोडलं आणि तो रस्ताही मोडला. नाव आधीच माहीत असलेल्यांची सोय झाली; ज्याच्या घरात पहिल्यांदाच पुस्तक येतंय तो पुन्हा माझ्या टेबलाशी विचारत.

शिवाय एक काम करा. जुनी दाखल रजिस्टरं काढा. कपाट सातमधल्या जुन्यात जुन्या पुस्तकांचे दाखल क्रमांक घ्या आणि समोरच्या रकान्यात बघा, पुस्तकं खरेदी आहेत की देणगी, आणि देणगी असेल तर कुणाची. माझ्या त्या पहिल्या कॉलेजात मी हे निवृत्त व्हायच्या जरा आधी, कुतूहल म्हणून करून घेतलं. पहिली 60-65 पुस्तकं माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेली निघाली, कपाटासकट. म्हणजे वेगळं कपाट ही आधी त्यांची मागणी होती. 'आमच्या पुस्तकांना या इमारतीत जागा द्या' असं कुणीतरी लेखी मागितलं होतं. कुलूप नंतर आलं, आणि आडनाव बघून पुस्तकं आत टाकणं त्याच्याही नंतर. वेगळ्या पाणवठ्याशी तुलना तुम्ही केलीत ती कुलपाला लागू पडते. कपाटाला लागू पडेलच असं नाही. तुमच्याकडे काय निघतं ते रजिस्टर सांगेल.

तेव्हा माझं मत असं. कपाट राहू दे, कुलूप काढा, आणि आत काय जायचं त्याचा नियम बदला. लेखक कोण यावर नाही, पुस्तकात काय आहे यावर. 'रुपयाचा प्रश्न'ची एक प्रत 332.4 मध्ये आणि एक इथे. दुसऱ्या प्रतीचे पैसे नसतील तर मांडणीवर डमी ठेवा. आपल्या जुन्या लोकांची ती पुठ्ठ्याची डमी आठवते ना, पुस्तकाएवढी, पाठीवर 'कपाट 7 पाहा' लिहिलेली? संगणकाच्या नादात आपण ती टाकून दिली. वाचक स्वतः मांडणीवरून पुस्तक घेतो अशा मुक्तद्वार ग्रंथालयात तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. मधमाश्या शेतीत. 'काव्यफुले' कवितेत, आणि हवं तर इथेही.

तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या सूचीत, तर अडचणच नाही. पुस्तक दोन मांडण्यांवर उभं राहू शकत नाही, पण नोंदीत त्याला चार विषयशीर्षकं, म्हणजे विषय सांगणारे ठरावीक शब्द, देता येतात. तुम्ही ग्रंथालयाचं कोहा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात संग्रह आणि ठिकाण यांची वेगवेगळी खाती आहेत. वर्गांक आशयाप्रमाणे द्या, कपाट सात हा 'संग्रह' म्हणून नोंदवा. ई-ग्रंथालय किंवा सोल असेल तर निदान विषयशीर्षकांत कंजुषी करू नका. आणि शीर्षक लिहिताना शब्द जपून. जुन्या नोंदींत 'हरिजन' असेल, तो राहिलाय का बघा. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 2014 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'बेकायदा परके' (कागदपत्रांविना आलेले स्थलांतरित) या विषयशीर्षकाला हरकत घेतली. 2016 मध्ये ग्रंथालयाने बदल जाहीर केला, तर थेट संसदेतून विरोध झाला. शीर्षक बदलायला 2021 उजाडलं. कार्डावरच्या दोन शब्दांसाठी सात वर्षं! तुमचे सर म्हणतात राजकारण आणू नका. ते आधीच कार्डावर बसलेलं असतं.

लेखिकांच्या नावांचंही एकदा बघा. मालतीबाई बेडेकर, विभावरी शिरूरकर आणि माहेरच्या बाळूताई खरे ही एकच व्यक्ती. तुमच्या तालिकेत या तिघी एकमेकींना ओळखतात का? हे विषयांतर झालं, पण तिकडेही दुवे तुटलेले असतील.

समितीत जाताना फुकोला, ज्ञान आणि सत्ता यांवर लिहिणाऱ्या त्या फ्रेंच विचारवंताला, घरी ठेवा. देवघेवीचे आकडे न्या. गेल्या तीन वर्षांत कपाट सातमधली किती पुस्तकं बाहेर गेली आणि उघड्या मांडणीवरची त्याच प्रकारची किती, हे सॉफ्टवेअर पाच मिनिटांत काढून देतं. रंगनाथनांचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. जो ग्रंथ दहा वर्षांत एकदाही दारातून बाहेर गेला नाही, त्याच्याबद्दल समितीचं मत काय, एवढंच विचारा. आणि त्या मुलांपैकी दोघांना बैठकीला बोलवा. प्राचार्यांची परवानगी आधी घ्या, नाहीतर त्यांनाच दारात उभं केलं जाईल.

आता पीएच.डी. मार्गदर्शकांचं अर्धं बरोबर आहे. 'फुकोच्या प्रकाशात ग्रंथालय' असा आराखडा माझ्याकडे आला असता तर मीही परत पाठवला असता. असल्या प्रबंधात पहिली दोन प्रकरणं फ्रान्समध्ये जातात आणि तिसऱ्यात घाईघाईने एक प्रश्नावली येते. पण हे ग्रंथालयशास्त्र नाही, हे मात्र चूक. सॅनफर्ड बर्मन हे ग्रंथालयातलेच. झांबियात काम करताना 'काफिर' (तिकडे कृष्णवर्णीयांसाठीची शिवी) हे विषयशीर्षक तिथल्या लोकांना किती झोंबतं ते त्यांनी पाहिलं आणि 1971 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकांची एकेक करून झाडाझडती घेतली. होप ओल्सन यांनी नाव देण्याच्या सत्तेवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्या वर्गीकरणाच्याच प्राध्यापक. एमिली ड्रॅबिन्स्की यांचा 2013 चा लेख तर तुम्ही वाचाच. त्या म्हणतात, नावं दुरुस्त करून काम संपत नाही, कारण नवं नावही उद्या कुणाला तरी बाहेर ठेवणारच. वाचकाला तालिका हीच एक रचलेली गोष्ट म्हणून वाचायला शिकवा. मला ते निम्मंच पटतं. तालुक्याच्या गावात मुलाला आधी पुस्तक मिळायला हवं, तालिकेची चिकित्सा मागाहून. तुम्ही त्यांच्याशी भांडा, तिथेच तुमचा प्रबंध आहे.

मार्गदर्शकांनी फारच ताणलं तर त्यांना वॉल्टर बेंजामिनचं सांगा. क्रिटिकल थिअरीच्या, म्हणजे समाजातल्या सत्तेची चिकित्सा करणाऱ्या विचारवंतांच्या, गोतावळ्यातला हा जर्मन माणूस वर्षानुवर्षं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून टिपणं काढत होता. 1940 मध्ये नाझी आले, त्याला पळावं लागलं, आणि ती टिपणं लपवून ठेवली ग्रंथालयातल्याच एका ग्रंथपालाने, जॉर्ज बताय यांनी. ग्रंथपाल नसता तर तो सगळा कागद आज हाती नसता. समाजशास्त्राच्या विभागाने नाही लपवला.

विषय लहान घ्या. मराठवाड्यातली पाच-सहा महाविद्यालयं निवडा. प्रत्येक ठिकाणी ठरावीक 50 पुस्तकं, 'गुलामगिरी', 'काव्यफुले', 'रुपयाचा प्रश्न' त्यात हवीतच. प्रत्येकाचा वर्गांक काय दिलाय, विषयशीर्षकं कोणती, मांडणीवर नेमकं कुठे, कुलपात की उघड्यावर, किती वेळा बाहेर गेलं. मग त्या वर्गांकामागचा निर्णय कुणी घेतला ते शोधा. उत्तर बहुतेक ठिकाणी 'आधीपासून असंच आहे' हे मिळेल. ते उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या, तारखेसकट. ते जमलं की मग फुको उघडा. तोवर तो तुम्हाला कळेलही लवकर.

राहता राहिली कुलपाची भीती. समितीत कुणीतरी म्हणणारच, कुलूप काढलं तर पुस्तकं जातील. जातील दोन-चार. साठा पडताळणीत गहाळ दाखवा, निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कमी करायची, तरतूद असते, घाबरू नका. मी कुलूप काढलं त्या वर्षी तीन गेली. त्यातलं एक पावसाळा संपल्यावर खिडकीच्या कठड्यावर कुणीतरी आणून ठेवलेलं सापडलं. पानं फुगलेली, मधे एसटीचा मुदत संपलेला पास खूण म्हणून, आणि 112 व्या पानापासून पुढे समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत कुणीतरी भांडत गेलं होतं, लेखकाशी. दंड कुणाकडून घ्यायचा हा प्रश्नच होता. मी ते तसंच पुन्हा मांडणीवर लावलं, समास न खोडता.